आतलं अस्तर माझं, नाळ तुमची

"बाई, डब्यात काय हाय?"

हा प्रश्न मला एस.टी.त जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा आमच्या ह्यांनी "जेवलीस का?" असंही विचारलं नसेल. केजकडून मांजरसुंब्याला येणारी गाडी, मांडीवर निळा बर्फाचा डबा, आणि तो दोन्ही हातांनी धरून बसलेली मी. सुरुवातीला खरं सांगायची. "नाळ आहे." "कशाची?" "बाळाची." की शेजारीण पदर सावरत मागच्या बाकावर, कंडक्टर तिकीट द्यायचं विसरून पुढं, आणि दोघांच्या बाकावर मी एकटी ऐसपैस. पुढं शहाणी झाले. बसायला जागा हवी असली की खरं सांगायचं, आणि गप्पांना कुणी हवं असलं की "लस आहे" म्हणायचं.

तर मी नाळा गोळा करायचे. बाळ झाल्यावर कापून टाकतात, ती नाळ. पालीच्या अलीकडं एका संस्थेची छोटी प्रयोगशाळा होती, तिथं मी टेक्निशियन. निवृत्त होऊन आता तिसरं वर्ष. लोक विचारतात, "एवढी वर्षं काय केलं हो कुसुमताई?" मी म्हणते, "पेशी वाढवल्या." ते "बरं बरं" म्हणतात आणि पावसापाण्यावर येतात. कागदावर कुणाला विषय बदलता येत नाही, म्हणून आज लिहून सांगते. सगळं नाही सांगत. एका नाळेचं सांगते. ती परत आणून देईन असा मी एका म्हातारीला शब्द दिला होता, आणि माझ्याच्यानं तो पाळला गेला नाही.

आधी काम समजून घ्या. अवघड नाही. बी.एस्सी.ला दोनदा बसलेल्या बाईला समजलं म्हणजे कुणालाही समजेल.

माणसाची पायाची किंवा हृदयाची रक्तवाहिनी तुंबली, तर डॉक्टर तिला वळसा घालून दुसरी नळी जोडतात. जमलं तर रोग्याचीच एखादी शीर काढून वापरतात. पण सगळ्यांच्या शिरा कुठं धड असतात? मग कृत्रिम नळी. नळाच्या जोडाला प्लंबर पांढरी पट्टी गुंडाळतो ना, त्याच जातीच्या पदार्थाची. अंगठ्याएवढी जाड असली तर वर्षानुवर्षं चालते. पेन्सिलीपेक्षा बारीक केली की आत रक्त गोठतं आणि नळी बंद. आपल्या खऱ्या रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं, एकाच थराचं, नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. त्यावरून रक्त निवांत वाहतं. कृत्रिम नळीला अस्तर नाही, म्हणून रक्ताला ती परकी वाटते. प्लेटलेट्स येऊन चिकटतात आणि गुठळी होते. प्लेटलेट्स म्हणजे काय हे सांगायची गरज डेंग्यूनं ठेवलेली नाही.

यावर आमच्या सरांचं, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं, म्हणणं असं, की नळीला आतून असा लेप द्यायचा, जो अस्तराच्या पेशींनी धरावा आणि प्लेटलेट्सनी धरू नये. एवढंच. एवढ्यासाठी सरांचे केस पांढरे झाले आणि माझे गळाले. नाळेत एक मोठी शीर असते. तिचं अस्तर ताजं आणि कोवळं असतं. ते सोडवून घ्यायचं, पेशी बाटलीत वाढवायच्या, लेप दिलेल्या तुकड्यावर त्या पसरायच्या, वरून रक्तासारखा प्रवाह सोडायचा, आणि कोण टिकलं, कोण वाहून गेलं ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. हे माझं काम.

पहिला लेप झाला तेव्हा सर नाचायचे बाकी होते. सगळ्या पेशी टिकल्या! मी म्हटलं, "सर, प्लेटलेट्सपण टिकल्यात की." गुळाच्या ढेपेवर मुंगळाही बसतो आणि माशीही बसते, तसला तो लेप. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जसा काही मीच चिकटवल्या होत्या त्या प्लेटलेट्स.

त्या प्लेटलेट्स तरी आणायच्या कुठून? आमच्याच दंडातून. मी हातात सुई घेऊन दारात दिसले की अकाउंटंट बाथरूमला पळायचा. एकदा आमच्या विठ्ठलरावांनी रक्त दिलं. विठ्ठलराव म्हणजे लॅबचे अटेंडंट, माझ्याहून चार वर्षांनी मोठे, शांत, सांगितलेलं काम अक्षरशः करणारे. त्यांच्या रक्ताची एकही प्लेटलेट लेपावर टिकेना. सर म्हणाले, जमलं! पेढे आले. पेढा देताना विठ्ठलरावांनी गाल धरला. "ताई, मला लहान तुकडा. दाढ ठणकतीय. काल गोळी खाल्ली तवा कुठं जरा थांबली." मी विचारलं, कुठली गोळी? तर दुखणं थांबवता थांबवता रक्तही पातळ करणारी! ती खाल्ली की प्लेटलेट्स सुस्त पडतात. लेपाचा काडीचाही संबंध नव्हता. पेढे मात्र आम्ही सगळे संपवले. पेढ्यांचा काय दोष?

आणखी एक फजिती सांगते. तीत मी चुकले, म्हणून सांगायलाच हवी. ज्या दवाखान्यांतून नाळा यायच्या, त्यांतल्या एकात मालनबाई नावाची आया होती. फार मायाळू. तिनं पाठवलेल्या नाळेतून एकही पेशी जिवंत मिळेना. असं तीनदा झालं. चौथ्यांदा डबा उघडून नीट बघितलं, तर नाळ पिवळीजर्द. हळद! पेशींना ती हळद कुठली सोसायला! मी तिथं जाऊन तिला अशी झापली की वॉर्डातल्या बाळंतिणी उठून बसल्या. "हे काय लोणचं आहे का मालनबाई?" ती गोंधळून म्हणाली, "ताई, लेकराची हाय ती. कुणाचा तरी जीव वाचवायला निघालीय. तशीच कोरडी कशी पाठवू? मी हळद लावून, दोन अक्षदा टाकून पाठवती." नंतर तिची माफी मागितली खरी, पण आधी ओरडून झालं होतं. माझं तोंड नेहमी माझ्या पुढं चालतं.

तर मूळ गोष्टीवर येते.

त्या दिवशी मी अंबाजोगाईकडच्या एका दवाखान्यात बसले होते. सिरसाळ्याजवळच्या वस्तीवरची सारिका नावाची मुलगी बाळंतपणाला आलेली. वेणा सुरू व्हायच्या आधीच तिनं आमच्या कागदावर सही केली होती. संध्याकाळी मुलगा झाला. नर्सनं नाळ माझ्या बरणीत घातली, आणि मी झाकण लावते तोच एक काटक म्हातारी आडवी आली. सारिकाची सासू, गयाबाई.

"कुठं चाललीस गं घिऊन? वार बी न्हाई देत म्हनल्या त्या नर्सबाया. आता नाळ बी न्हाई? मंग मी पुरू काय?"

मी कागद दाखवला. सुनेची सही दाखवली. तिनं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही.

"हिच्या पैल्या लेकराची नाळ कारखान्याकडं पडली, उसाच्या पाचटात. आमी तोडीला गेलतो. कुणी पुरली न्हाई, कुणी इचारलं बी न्हाई. सा म्हयन्यात लेकरू गेलं. म्हून यंदा हिला मी तोडीला जाऊ दिली न्हाई. पोरगा चुलतभावासंगं गेलाय. ह्या लेकराची नाळ माज्या दारात पुरायची. बाराव्या दिसाच्या आत. मातीत नाळ आसली की पोर मातीला धरून ऱ्हातं."

मी विज्ञान शिकलेली बाई. सहा महिन्यांचं मूल पाचटामुळं जात नाही, हे मला ठाऊक होतं. पण बाळंतिणीच्या खाटेशेजारी उभं राहून ते सांगायला जीभ रेटेना. "कशाला नेतीस ते तरी सांग," ती म्हणाली. मी नळीचं सांगितलं, पायाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीचं सांगितलं. तशी ती खाली बसली.

"माज्या मालकाचा पाय कापला. आधी आंगठा काळा पडला, मंग बोटं, मंग गुडघ्यापसून गेला. डाक्टर म्हनला, नस बंद हाय. तुजी नळी आसती तं वाचला आसता का पाय?"

"माहीत नाही मावशी."

"तुला ठावं न्हाई, आन लोकाच्या नाळा न्हेतीस?"

"ठाऊक करून घ्यायलाच नेते."

मग आमचा सौदा झाला. मला काही अख्खी नाळ लागत नव्हती. लागत होतं शिरेच्या आतलं अस्तर. ते सुटलं की उरलेली नाळ तशीच्या तशी शिल्लक राहते. मी म्हटलं, "आतलं अस्तर माझं, नाळ तुमची. बाराव्या दिवसाच्या आत आणून देते."

"शबुद?"

"शब्द."

तिनं माझ्या तळव्यावर फाडकन तळवा मारला. बैलबाजारात मारतात तसा, चांगला झणझणला.

आता खरं सांगायचं तर असा शब्द द्यायचा मला अधिकार नव्हता. उरलेली नाळ पिवळ्या पिशवीत घालून जाळायला पाठवायची, हा नियम. मला तो पाठ होता. लॅबमध्ये नियमांच्या बाबतीत माझ्याइतकी कडक दुसरी कुणी नव्हती. पण तोंड पुढं गेलं होतं.

मांजरसुंब्याला गाडी बदलायची होती. ढाब्यावर चहा घेतला. मालक ओळखीचा. त्यानं आपणहून डब्याला हात घातला. "ताई, फ्रीजरात ठिवू का? गार ऱ्हाईल." मी जवळजवळ ओरडलेच. मागं एकदा त्यानं असंच प्रेमानं आइस्क्रीमशेजारी ठेवून माझी नाळ दगडासारखी गोठवली होती. गार हवी, गोठलेली नको, हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल! डबा मांडीवर घेऊनच पालीपर्यंत आले.

दुसऱ्या दिवशी नाळ धुतली, शिरेत पेशी सुट्या करणारं औषध भरलं, दोन्ही टोकं बांधून अंगाएवढ्या उबेत ठेवली, आणि मग आतलं पाणी अलगद बाटलीत काढून घेतलं. संध्याकाळपर्यंत पेशी तळाला बसल्या. तिसऱ्या दिवशी अशा भरभरून वाढल्या की गवंड्यानं फरशी बसवावी तशा एकीला एक लागून. इतक्या निरोगी पेशी मी आधी बघितल्या नव्हत्या. सरांना बोलावून दाखवल्या. सर म्हणाले, "कुसुमताई, या जपा."

पेशी जपल्या. नाळेचं काय केलं? उरलेली नाळ मिठाच्या पाण्यात घालून बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, अगदी मागं सरकवून ठेवली. लेबल लावलं नाही. काय लिहिणार? "नियमाबाहेर ठेवलेली, गयाबाईंना परत द्यायची"? सर रोज तो फ्रिज उघडायचे.

आणि त्याच फ्रिजच्या दारावर माझ्या अक्षरात, लाल शाईनं लिहिलेला कागद होता. "लेबल नसलेली बाटली शनिवारी कचऱ्यात. मग ती कोणाचीही असो." एकदा कुणीतरी पेशींच्या औषधाशेजारी दह्याचा गडू ठेवला होता, तेव्हा संतापून मीच तो लावला होता.

मी शुक्रवार-शनिवार भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. सोमवारी येऊन फ्रिज उघडला. मागचा कप्पा स्वच्छ.

"विठ्ठलराव, इथं मागं एक बरणी होती."

"होती की. टाकली."

"कावून टाकली?" राग आला की माझीही भाषा सिरसाळ्याला जाते.

"लेबल कुठं होतं ताई? तुमचाच कागद हाय दारावर. तुमच्याच अक्षरात."

मी त्या माणसाला काय काय बोलले, ते इथं लिहिण्याजोगं नाही. विठ्ठलराव म्हणाले, "शनवारीच गाडी आलती. पिवळ्या पिशव्या गेल्या. जळालं बी आसंल." त्यांचं काय चुकलं होतं? तेरा वर्षं मी त्या माणसाला जे शिकवलं, ते त्यानं केलं.

बारावा दिवस गुरुवारी होता.

मंगळवारी दुसऱ्या दवाखान्यातून दुसरी नाळ आली. ती धुताना हातात धरली आणि मनात आलं, सगळ्या नाळा सारख्याच. पांढरट, पीळ पडलेल्या, वीतभर. कुणाला कळणार आहे? गयाबाईला समाधान, सुनेला धीर, माझा शब्द शाबूत. लाज वाटते सांगायला, पण मी ती नाळ बरणीत घातली. झाकण लावलं. आणि सवयीनं लेबलची पट्टी फाडून पेन उघडलं.

काय लिहू? "गयाबाई" लिहू? पेन तसंच हातात. लॅबमध्ये मी भांडले, रडले, पेशी मारल्या, पण खोटं लेबल कधी लावलं नव्हतं. आणि ही कुणा दुसऱ्या बाईच्या लेकराची होती. तिला कोण विचारणार? बरणी उघडली, नाळ पिवळ्या पिशवीत घातली आणि गुरुवारची रजा टाकली.

बीडला गाडी बदलून वडवणी-तेलगाववरून सिरसाळा. तिथून वस्तीपर्यंत एका ट्रॅक्टरवाल्यानं सोडलं. सगळ्या वाटेनं मी वाक्यं जुळवत होते. दारात गेले आणि सगळी विसरले. बारशाला बायका जमलेल्या, साडीचा पाळणा बांधलेला, घुगऱ्यांची पातेली उतरवलेली. उंबऱ्यापासून दोन हातांवर एक खड्डा खणून, आतून सारवून, हळदीकुंकू वाहून तयार. गयाबाईचे मालक, एका पायाचे, बाजेवर बसलेले.

"आली बगा बाई," गयाबाई उठली. माझ्या पिशवीकडं बघून हात पुढं केला. "आन."

"मावशी, आणली नाही. गेली. माझ्या चुकीनं कचऱ्यात गेली आणि जळाली."

घुगऱ्या वाटणारी बाई जागीच थांबली. सारिकानं पाळण्यातलं पोर उचलून छातीशी धरलं. "आता काय हुईल ओ आत्या?" ती एवढंच म्हणाली. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

गयाबाईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी खड्डा खांदून बसले. सारवला, पुजला. आन तू रिकामी आलीस? तळवा मारला व्हता नव्हं तू? शिकल्यालं मानूस म्हून इस्वास ठिवला. कारखान्यावर तं कुणी शबुद बी दिला नव्हता मला."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाजेवरून म्हातारबा म्हणाले, "येऊन सांगती तरी ती. न्हाई आली आसती तं काय करनार व्हतीस?"

"तुमी गप ऱ्हावा," गयाबाई म्हणाली.

मी म्हटलं, "मावशी, सगळं नाही गेलं. आतलं अस्तर आहे माझ्याकडं. त्याच नाळेचं. तुमच्याच नातवाचं. सरांच्या पाया पडते आणि उद्या बाटली घेऊन येते. ती पुरा."

"कसल्या बाटलीत?"

"पाण्याच्या. गुलाबी पाणी असतं, त्यात साखर, मीठ, औषध."

"आन ते आस्तर काय करतं त्यात?"

"वाढतं. एका बाटलीच्या चार झाल्या."

"वाढतं?" तिनं नीट माझ्याकडं बघितलं. "म्हंजी जित्तं हाय?"

"जिवंत आहे."

"तू खायाला घालतीस त्याला?"

"दिवसाआड. पाणी बदलते."

मागं एक बाई फिसकन हसली. "बाळंतपण करती की ही बी!" आणखी दोघी हसल्या. गयाबाई हसली नाही. तिनं खड्ड्याकडं बघितलं, मग सुनेकडं, मग माझ्याकडं.

"जित्तं हाय ते मातीत घालत्यात व्हय गं? येड लागलं का तुला? नाळ गळून पडती, मरती, म्हून पुरत्यात." मग सुनेला म्हणाली, "रडू नको. आपलं तिकडं हाय. वाढतंय म्हनती ही." आणि मला, "मरंल तवा आनून दे. आन आता लेबल का काय ते लाव. खड्डा बुजव तूच. लेकरं पडत्याल त्यात."

मी दोन्ही हातांनी खड्डा बुजवला. हात धुतले, घुगऱ्या खाल्ल्या. तिखट होत्या, मला बरंच झालं. डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी मला पंधरा मिनिटं झापलं आणि सोळाव्या मिनिटाला कागद पुढं ओढला. संस्थेच्या समितीकडं अर्ज केला, की या नाळेच्या पेशी काम संपल्यावर निर्जंतुक करून कुटुंबाला परत देण्याची परवानगी मिळावी. "कारण" या रकान्यात काय लिहावं यावर आमची वादावादी झाली. शेवटी सरांनी लिहिलं, "आमच्या कर्मचाऱ्याने दिलेला शब्द." समितीनं दोनदा प्रश्न विचारले आणि परवानगी दिली. बाटल्यांवर मी लेबलं लावली. विठ्ठलरावांनी त्यावर स्वतःच्या खर्चानं पारदर्शक पट्टी चिकटवली, शाई जाऊ नये म्हणून. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या ताई, तुमचं रोजचंच हाय."

नव्या लेपाच्या प्रयोगासाठी सरांनी त्याच पेशी घेतल्या. प्लेटलेट्स माझ्या. दाढ, डोकं, गुडघा, कशासाठीही गोळी घेतलेली नाही ना, असं मी स्वतःच स्वतःला बजावून विचारलं. प्रवाह सोडला. तासाभरानं काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पेशी जागच्या जागी, पसरून, लेपाला धरून बसलेल्या. प्लेटलेट्स कुठंतरी एखाददुसरी. मी सरांना हाक मारली नाही. पुन्हा केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा हाक मारली. त्या दिवशी पेढे नव्हते, कुणी आणायला जायलाच तयार नव्हतं. सगळे त्या काचेभोवती उभे होतो. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला दिवस.

पुढचंही सांगायला हवं. आमची नळी अजून कुणा रोग्याच्या पायात बसलेली नाही. काचेवर जमलेलं शरीरात जमायला फार वर्षं लागतात, आणि तेवढी आमच्या छोट्या लॅबला मिळाली नाहीत. सर निवृत्त झाले, काम दुसऱ्या मोठ्या ठिकाणी गेलं. आमच्या लेपाची पुढची पिढी तिथं चालू आहे असं ऐकते. वाईट वाटतं का? वाटतं. एखादा पाय वाचलेला बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं. पण शिडीच्या मधल्या पायरीवर उभं राहिलेल्यानंही शिडी धरलेली असतेच की. मला झोप छान लागते.

पेशीही म्हाताऱ्या होतात. काही वेळा दुप्पट झाल्या की वाढायच्या थांबतात, मोठ्या, पसरट, आळशी होतात. त्या पेशी सात महिने चालल्या, आधी वाढवून, मध्ये गोठवून, पुन्हा जागवून. शेवटची बाटली एका सकाळी वाढली नाही, तशीच राहिली. आठवडाभर मी पाणी बदलत राहिले. मग नियमाप्रमाणं निर्जंतुक केली, खरवडून एका लहान काचेच्या कुपीत भरली, लेबल लावलं आणि परवानगीचा कागद घेऊन सिरसाळ्याची गाडी धरली.

या वेळी गयाबाईचा मुलगाही तोडीवरून परत आलेला होता. पोर अंगणात पोत्यावर बसलं होतं, कशाचाही आधार न घेता. आठवा महिना लागला होता त्याला. हातात भाकरीचा तुकडा, त्याचा लगदा करून झालेला. आता तो शाळेत आहे, आणि गणितात कच्चा आहे असं सारिका फोनवर सांगते.

गयाबाईनं कुपी उन्हात धरून बघितली. तळाशी चिमूटभर पांढरट गाळ.

"एवढुसंच?"

"एवढंच असतं मावशी."

"मेलं?"

"मेलं."

"काम करून मेलं का तसंच?"

मला लेपाचं सांगता आलं असतं, काचेचं, तीन वेळा जमलं त्याचं, न बसलेल्या नळीचंही. मी म्हटलं, "काम करून."

"मंग आन हिकडं."

तिनं त्याच जागी खुरप्यानं वीतभर खणलं, कुपीचं बूच काढून गाळ आत ओतला आणि बाजेकडं बघितलं. म्हातारबांनी मान हलवली. माती लोटायला मी पुढं वाकले, तशी तिनं माझं मनगट धरून मला बाजूला केलं.

"तुजं झालं बाई," ती म्हणाली. "आता आमचं हाय."